काळोखातला अजिंठा

अजिंठ्याला जाणाऱ्याजवळ पैसा थोडा कमी असला तरी चालेल. सवड मात्र भरपूर हवी. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडावी, लेण्यांच्या बसने वाघोरेच्या खोऱ्यात शिरावे, पायऱ्या चढून नालेसारख्या वळलेल्या त्या कड्यापाशी यावे, मोठ्या उत्सुकतेने पहिल्या लेण्यात पाऊल टाकावे, आणि काहीच दिसू नये! उन्हाने दिपलेल्या डोळ्यांपुढे नुसता काळोख. पाच मिनिटे गुपचूप उभे राहिले, म्हणजे त्या काळोखातून आधी एक कमळ उमलते, मग ते धरणारी बोटे, आणि मग पद्मपाणीचे ते खाली झुकलेले नेत्र.

गेल्या हिवाळ्यात मी तेथे गेलो तो आमच्या गावच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाबरोबर. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक दंतवैद्य, दोघी कॉलेजकन्या आणि कॅमेऱ्याशी फारसा संबंध नसलेला मी मराठीचा मास्तर. फ्लॅश वापरायला लेण्यांत बंदी आहे, कारण प्रखर उजेड त्या जुन्या रंगांना मानवत नाही. ‘‘मग काढायचे काय, कपाळ?’’ आमचे बँकवाले पुटपुटले. तेव्हा व्हरांड्यात बसून मी त्यांना त्यांच्याच पूर्वजांची गोष्ट सांगितली.

लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था निघाली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत तशी संस्था उभी राहिली. साहेबांच्या जोडीला डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात होते. दोघेही पेशाने वैद्य. कॅमेरा ही हौस. १८५६ पासून निघालेल्या ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या मुंबईच्या मासिक चित्रसंग्रहाने तर हौशीपणाचा टिळा नावातच लावला होता. पुढे याच भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून त्यांवर निबंध लिहिला.

त्या काळात अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल होता. पारोबरोबरच्या त्याच्या प्रेमाची कहाणी ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे मराठी माणसाला ठाऊक आहे. चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमलेल्या या लष्करी चित्रकाराने पुढे कॅमेराही हाती घेतला. त्या काळची रीत मोठी जिकिरीची. काचेला रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे. शिवाय ती काच तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी! अजिंठ्याच्या भिंती तर गेरूने आणि काव्याने रंगलेल्या. म्हणून गिलच्या छायाचित्रांत खांब, कमानी, मूर्ती यांचेच राज्य; रंगांसाठी त्याला कुंचलाच धरावा लागे.

पण दैवाचा खेळ पाहा. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्याच्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. गिलची छायाचित्रे मात्र १८६४ सालीच पुस्तकांत चिकटवून वाटली गेली होती. एक प्रत जळाली तरी दुसरी कुठे तरी उरतेच. फोटोचे मोठेपण हेच, की तो एकट्याचा राहत नाही.

अंधारातले खरे रंग टिपायला मात्र फार वाट पाहावी लागली. १९९१ साली बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रे टिपली ती झगझगीत दिवे लावून नव्हे, तर मंद उजेडातच, कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून. म्हणजे पाच मिनिटे गुपचूप उभे राहण्याचाच तो प्रकार!

गोष्ट ऐकल्यावर मंडळाची घाई ओसरली. कोपरे अंगाशी घट्ट धरून, श्वास रोखून एकेक चित्र घेणे सुरू झाले. एरवी पद्मपाणी पाहून लोक लगबगीने पुढे सरकतात. आमच्या मुलींनी माना उंचावून दुसऱ्या लेण्याच्या छतावरची हंसांची रांग टिपली. एकासारखा दुसरा हंस नाही. कुणाची मान वळलेली, कुणी पंख उचललेले.

महिन्याभराने मंडळाने ती चित्रे गावातल्या शाळेच्या सभागृहात मांडली. बक्षीस नव्हते, तिकीट नव्हते. दंतवैद्यांच्या आई काठी टेकीत आल्या. गुडघ्यांमुळे अजिंठ्याच्या पायऱ्या त्यांना कधी चढताच आल्या नाहीत. हंसांपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, ‘‘अरे, हा शेवटचा मागे का पाहतोय?’’

दंतवैद्य तेथे दोन तास होते. त्यांना ते दिसले नव्हते.