मागच्या सीटचा प्रश्न

गुलमर्गला जाऊन आलेल्यांना बर्फावरची स्कूटर ठाऊक असते. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, हँडल धरलेला काश्मिरी चालक आणि त्याला घट्ट धरून बसलेले आपण! तिचे खरे नाव स्नोमोबाईल. गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मुलाकडे गेलो, तेव्हा याच वाहनावरून घरात वाद पेटला होता. मुलाला ते विकून स्नोबाईक घ्यायची होती आणि सूनबाई मुळीच तयार नव्हती. "बाबा, तुमची हयात दुचाकीच्या कारखान्यात गेली. तुम्हीच सांगा," म्हणत दोघांनी निवाडा माझ्यावर सोपवला.

स्नोबाईक म्हणजे मुळात चिखलमातीत पळवायची मोटारसायकल. पुढचे चाक काढून तिथे एक रुंद स्की लावायची, मागचे चाक काढून चेनवर फिरणारा खाचेदार रबरी पट्टा जोडायचा. उन्हाळा आला की पुन्हा चाके. हा जोडसंच बाजारात रुजवला तो याच राज्यातल्या सँडपॉइंट गावच्या टिंबरस्लेड या कंपनीने. २०१५ साली पोलॅरिसने ती विकत घेतली.

बॉइसीहून दोन-अडीच तासांवर मॅक्कॉल नावाचे गाव आहे. तिथे मुलाच्या मित्राची स्नोबाईक मी वाकून वाकून पाहिली. डोंगरात चालवायची स्नोमोबाईल पेट्रोल भरल्यावर सव्वादोनशे किलोच्या पुढे जाते. ही दीडशेच्या आसपास. भुसभुशीत बर्फात स्नोमोबाईल रुतली की फावडे घेऊन घाम गाळायचा. ही एकट्याने आडवी करून बाहेर ओढता येते. वळणावर मोटारसायकलीसारखीच कलते, झाडांच्या दाटीतून सहज निघते. स्टँडही लागत नाही, थांबली की बर्फात तशीच उभी!

पण कडक, दाबलेल्या वाटेवर एकच स्की असल्याने पुढचा भाग सारखा डुगडुगतो आणि स्नोमोबाईल केव्हाच पुढे निघून जाते. तिला क्लच-गिअरची कटकट नाही. आपल्या गिअरलेस स्कूटरसारखाच पुलीवरचा बेल्ट, आणि रेस अंगठ्याने द्यायची. शिवाय ती मागे घेता येते. काही टू-स्ट्रोक गाड्यांत त्यासाठी चक्क इंजिनच उलटे फिरवतात! हे ऐकून माझ्यातला जुना कारागीर इतका खूश झाला, की मंडळींना मला तिथून ओढून न्यावे लागले. स्नोबाईकला मागे जाणे नाही, पायाला इंजिनाची ऊब नाही, समोर वारा अडवायला काच नाही.

सूनबाईचा मुद्दा मात्र यातला एकही नव्हता. "बाबा, त्यावर माझ्यासाठी जागा कुठंय?" एवढेच तिने विचारले.

तिच्या प्रश्नाला इतिहास आहे. जोसेफ-आर्मां बाँबार्दिए हा कॅनडातल्या क्वेबेकचा गॅरेजवाला. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याची त्याची खटपट पोरवयापासूनची. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद, दवाखाना गाठता आला नाही आणि पोर गेले. पुढे १९३७ मध्ये त्याने पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळवले. त्याच्या गाड्यांतून डॉक्टर, रुग्ण, शाळेची मुले जाऊ लागली. एक-दोघांनी बसायची छोटी स्की-डू आली ती त्यानंतर, १९५९ साली. बर्फावरच्या गाडीत दुसऱ्या माणसाला जागा असणे म्हणजे काय, ते त्या बापाला विचारावे.

मला धास्ती वेगळीच होती. स्नोबाईक हलकी, म्हणून माणूस दाट झाडीत, उभ्या उतारावर सहज शिरतो, आणि बहुधा एकटा. हिमकडा कोसळला तर वाहन हलके की जड, याला अर्थ उरत नाही. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढणारा सोबती हवा. अंगावर संदेश देणारे बीकन, चाचपणीची लांब काठी आणि फावडे ही तिन्ही दोघांकडेही असावी लागतात.

निवाडा दिला तो असा : चालवण्याची मजा स्नोबाईकची, यात वाद नाही, पण घरात एकच वाहन राहणार असेल तर स्नोमोबाईल. चिरंजीव दोन दिवस गाल फुगवून होते. मग जुनी स्नोमोबाईल ठेवून त्यांनी आपल्याच मोटारसायकलीला वापरलेला संच बसवला. पैशांची सोय कुठून केली म्हणाल, तर यंदाची भारतवारी रद्द करून! हे काही माझ्या निवाड्यात नव्हते. सौभाग्यवती अजून मला ऐकवतात.

आता तो पुढे स्नोबाईकवर आणि सूनबाई मागे स्नोमोबाईलवर. निघण्याआधी मॅक्कॉलच्या पायेट अ‍ॅव्हलांच सेंटरचा अंदाज तीच वाचते, बीकन तीच तपासते. धोका जास्त लिहिला असेल तर गाड्या उतरवूच देत नाही. शनिवारी संध्याकाळी ते डोंगरातून परततात, तेव्हा इथे पुण्यात रविवारची पहाट असते. फोन तिचाच येतो. तो तेव्हा पट्ट्याला चिकटलेला बर्फ झटकत असतो.