अर्धा तास धरून ठेवायचं

या दुखण्याबद्दल बोलायचं तर पहिली अडचण शब्दाची. आमच्या आसेगावात, म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यात, पोट दुखतं, कंबर दुखते, डोकं दुखतं. लघवीची पिशवी दुखते असं कुणी म्हणत नाही. जळजळ झाली तर 'उन्हाळी लागली' म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि विषय संपवायचा. माझी उन्हाळी साडेतीन वर्षं संपली नाही.

त्रास असा होता: पिशवी थोडी भरली की ओटीपोटात कुणी पिळून काढल्यासारखं दुखायचं. लघवी केली की दहा मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. दिवसातून पंचवीसेक वेळा, रात्री पाच-सहा वेळा. मी तेव्हा तलाठी भरतीचा अभ्यास करत होते. गणित यायचं, चालू घडामोडी पाठ होत्या, पण दोन तास एका खुर्चीत बसणं जमायचं नाही.

लघवीची तपासणी नॉर्मल. कल्चरमध्ये जंतू नाहीत. सोनोग्राफी नॉर्मल. तरी जाईन तिथे अँटिबायोटिकचा नवा कोर्स. एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता मायला सांगितलं, "टेन्शन आहे. लग्न करून द्या, बरं होईल." घरी आल्यावर मायनं विचारलं, "रिपोर्टात कायी नाई, त मंग दुखते कायले व?" ती चिडली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही नव्हतं.

नाव मिळालं ते अकोल्यात. तिथल्या यूरोलॉजिस्टनी गोळ्या लिहून देण्याआधी एक वही करायला सांगितली. तीन दिवस, दर वेळी मापाच्या भांड्यात लघवी करायची, वेळ आणि मिलिलिटर लिहायचे. बहुतेकांची पिशवी तीन-चारशे मिलिलिटर आरामात धरते. माझ्या वहीत सत्तर, नव्वद, साठ. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा माझं दुखणं कागदावर दिसत होतं. मग भूल देऊन दुर्बिणीनं आत बघितलं आणि नाव सांगितलं: इंटरस्टिशियल सिस्टायटिस, किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम. सहा आठवड्यांहून जास्त काळ पिशवीत दुखतं, सारखं जावं लागतं, आणि संसर्ग किंवा दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा हे निदान करतात.

मोबाईलवर वाचत बसले तेव्हा कळलं की हे नाव 1887 पासून आहे. 1915 मध्ये अमेरिकेतल्या गाय हनर या डॉक्टरनी काही रुग्ण बायकांच्या पिशवीतल्या जखमांचं वर्णन केलं. पण अशा जखमा थोड्याच जणांत दिसतात. बाकीच्यांना कित्येक दशकं 'हे मनाचं आहे' असंच ऐकावं लागलं. 1984 मध्ये व्हिकी रॅटनर हिनं अमेरिकेत रुग्णांची संघटना काढली. वैद्यकीय शिक्षण घेत असताना तिला स्वतःलाच हा आजार झाला होता. डॉक्टर होणाऱ्या बाईवरही विश्वास बसत नसेल, तर आसेगावच्या पोरीचं काय घेऊन बसलात!

माझ्यावर गोळ्यांबरोबर दुसरा उपाय ठरला: औषध थेट पिशवीत सोडायचं. समजुतीनुसार पिशवीला आतून एक पातळ बुळबुळीत अस्तर असतं. ते विरलं की लघवीतले क्षार आतल्या नसांना झोंबतात. म्हणून नळीनं लघवी काढून टाकायची आणि त्याच नळीतून औषध आत ढकलायचं. माझ्या औषधात तीन गोष्टी असतात. लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना बधिर करायला वापरतात ते. हेपॅरिन, जे एरवी रक्त गोठू नये म्हणून देतात. त्याची रचना त्या अस्तराशी जुळते. आणि सोडा बायकार्बोनेट, कारण आम्लात लिग्नोकेन आत शोषलं जात नाही. काही जणांना हायलुरोनिक अॅसिड देतात, काहींना डीएमएसओ. डीएमएसओला अमेरिकेत 1978 मध्ये मान्यता मिळाली. ते घेतल्यावर तोंडाला एक-दोन दिवस लसणासारखा वास येतो म्हणतात.

नळीची भीती होती. सिस्टरनी ती हातात दिली आणि म्हणाल्या, "बघ, किती बारीक आहे." दहा फ्रेंच. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे नळी साडेतीन मिलिमीटरच्या आतच. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर. बधिर करणारी जेली लावली, थोडं टोचल्यासारखं झालं, आणि औषध आत. मग त्या म्हणाल्या, "आता अर्धा तास धरून ठेवायचं."

मला हसू आलं. धरून ठेवायला मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. शाळेतलं संडास बघवत नसे म्हणून आम्ही मुली घरून पाणी न पिता जायचो. माय सोयाबीन निंदायला गेली की आडोसा नसतो, म्हणून अंधार पडेपर्यंत धरते. मुंबईत 2011 पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवली. आमच्याकडे त्यासाठी शब्दच नाही. धरल्यामुळेच मला हा आजार झाला असं कुणी डॉक्टर म्हणत नाही, त्याचं एकच असं कारण अजून सापडलेलं नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीसाठी धरलं होतं. हा अर्धा तास पहिल्यांदा माझ्यासाठी होता.

आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आसेगावहून मंगरुळपीर, तिथे गाडी बदलून बार्शीटाकळीवरून अकोला. औषधापेक्षा प्रवासच जास्त दुखायचा. म्हणून डॉक्टरांनी स्वतः नळी घालायला शिकवायचं ठरवलं. 1972 मध्ये जॅक लॅपिडीस या डॉक्टरनी दाखवून दिलं होतं की स्वतः नळी घालायला ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, हात आणि नळी स्वच्छ असली की पुरतं. सिस्टरनी आरसा धरून शिकवलं. चौथ्या प्रयत्नात जमलं. औषधाचं माप डॉक्टरांचं, हात माझे. ताप आला किंवा लघवी गढूळ झाली तर नळी घालायची नाही, आधी कल्चर करायचं, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर आहे.

घरी पहिल्यांदा केलं तेव्हा माय दाराबाहेर उभी होती. "झालं का व?" असं तीनदा विचारलं. नंतर ती स्वतःच पाणी गरम करून ठेवू लागली, साबणाची नवी वडी आणून ठेवू लागली. दुखते कायले, हे तिनं परत विचारलं नाही.

मी बरी झालेली नाही. वहीत आता दोनशे, सव्वादोनशे दिसतात; पाळीच्या आधी पुन्हा शंभर. मिरचीचा ठेचा, संत्रं आणि दुसरा कप चहा बंद आहे. रात्री दोनदाच उठते. सलग चार तास झोप म्हणजे काय असतं ते मला नव्यानं कळलं. परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरलाय.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू भांडी घासता घासता हळूच म्हणाल्या, "मलेही तसंच होते व, दोन वर्स झाले." मी त्यांना औषधाचं नाव सांगितलं नाही. मापाचं भांडं दिलं, एक कोरी वही दिली आणि आधी कल्चर करा म्हटलं. त्यांच्यात जंतू निघाले, गोळ्यांनी बरं वाटलं. दोन वर्षं फक्त शब्दाअभावी गेली.

अकोल्याला अजून दर तीन महिन्यांनी जाते. गाडी निघाली की कंडक्टरला आधीच सांगून ठेवते, "भाऊ, मला आजार आहे. मध्ये लघवीला थांबवावं लागेल." पहिल्यांदा पुढच्या दोन सीटवरच्यांनी वळून बघितलं होतं. बार्शीटाकळीला गाडी थांबली तेव्हा माझ्यामागून आणखी तीन बाया उतरल्या.