बांधावरचा उंबर

परभणी जिल्ह्यात अरण्य शोधायला निघालेल्या माणसाने फार तर जिंतूरच्या डोंगरापर्यंत जावं आणि तिथल्या विरळ रानावर समाधान मानावं. बाकी सगळी काळी, सपाट जमीन. कापूस, तूर, सोयाबीन. पण सदाहरित जंगलातल्या झाडांचा संसार कसा चालतो हे पाहायला गोदाकाठच्या एखाद्या बांधावरचा उंबर पुरतो. थेट खोडालाच फळं धरायची ही रीत तिकडचीच.

त्याची फुलं फळाच्या पोटात असतात. टोकाला एक अरुंद दार. त्यातून चिलटाएवढी मादी माशी आत घुसते, आणि घुसताना पंख सहसा दारातच गमावते. अंगावर आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे. मीलन उरकायचं, बहिणींसाठी भिंतीला भोक पाडायचं, संपायचं. उजेड पाहतात त्या माद्या, पराग घेऊन; आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. आणि एवढ्यात गाठायचा असतो दुसराच उंबर, कारण स्वतःच्या झाडावरची फळं तोवर एकदमच पिकलेली असतात.

मैलोन्‌मैल दुसरा उंबर नसेल तर? मला ही काळजी फार दिवस होती. पण नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या भाऊबंदांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. वाऱ्यावर वाहत जाणाऱ्या अशाच माश्यांनी तिथे 160 किलोमीटरपर्यंत पराग नेले होते. परभणीहून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत साधारण तेवढंच! आपण ज्याला एकटं झाड म्हणतो, त्याची सोयरीक जिल्ह्याबाहेर जुळलेली असते.

बियांचं काम त्यामानाने उघड्यावर चालतं. रात्री वटवाघळं, दिवसा तांबट नि बुलबुल. हिवाळ्यात मध्य आशियातून भोरड्या येतात. ज्वारीवर बसल्या की त्यांच्यावर गोफण फिरते, उंबरावर बसल्या तर कुणी ओरडत नाही. त्यांच्या विष्ठेतून बी कुठेही पडतं, विहिरीच्या कपारीत, गढीच्या पडक्या भिंतीत. तगतं मात्र ओल असेल तिथेच. पाणाडे उंबर पाहून विहिरीची जागा सांगतात, त्यामागे बहुधा हेच असावं. फक्त दक्षिणा पाखरांना मिळत नाही.