वेगवान गाडी आणि तिच्या पुढची मालगाडी

संगणकावरच्या खेळांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा काळजीच्या सुरात. मुले वाचत नाहीत, डोळे बिघडतात, वेळ वाया जातो, ही त्यातली ठरलेली वाक्ये. साहित्य शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हा सूर विशेष जवळचा. मला मात्र अशा एका खेळाविषयी कृतज्ञतेने लिहायचे आहे. 'वेग' या कल्पनेचा जितका नेमका विचार त्याने मला करायला लावला, तितका आधुनिकतेवरच्या परिसंवादांनी क्वचितच लावला असेल.

खेळाचे नाव 'ओपन टीटीडी'. क्रिस सॉयर यांचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा खेळ 1994 साली आला, पुढच्या वर्षी त्याची 'डिलक्स' आवृत्ती निघाली. 2004 पासून त्याच खेळाचे हे मुक्त आणि विनामूल्य रूप हौशी प्रोग्रामर मंडळी घडवत आली आहेत. खेळाडूने एका नकाशावर रूळ टाकायचे, स्थानके बांधायची, गाड्या विकत घ्यायच्या आणि माणसे नि माल वाहून पैसे मिळवायचे. वर्षे सरतात तशी वाफेची इंजिने निवृत्त होतात, डिझेलची आणि विजेची येतात, पुढे मोनोरेल येते आणि अखेरीस चुंबकीय बलावर तरंगणाऱ्या, ताशी सहाशे किलोमीटरच्याही पुढे जाणाऱ्या गाड्या.

नवे, वेगवान इंजिन बाजारात आले की नवखा खेळाडू ते लगेच विकत घेतो. त्याची गाडी मात्र जुन्या गाडीइतक्याच वेळात पोचते. माझा भाचा डोंबिवलीला राहतो, अभियांत्रिकी शिकतो. सुटीत तो खोपटला आमच्याकडे आला असताना त्यानेच मला हा खेळ शिकवला. इंजिनांच्या यादीत मी रमलेली पाहून तो म्हणाला, "मावशी, इंजिन काय बघत बसलीस? इंजिनाच्या पुढे काय आहे ते बघ ना."

इंजिनाच्या पुढे बहुतेक वेळा मालगाडी असते. एकाच रुळावर मागची गाडी पुढच्या गाडीला ओलांडू शकत नाही. त्यामुळे कोळशाचे डबे ओढणारी गाडी जो वेग धरते, तोच तिच्या मागे अडकलेल्या साऱ्या गाड्यांचा वेग. त्यातच ती गाडी बिघडून उभी राहिली की मागे रांग लागते. सिग्नल दूर दूर असतील तर दोन गाड्यांमधले अंतर विनाकारण वाढते. एकदा थांबलेल्या गाडीला पुन्हा वेग घ्यायला कितीतरी रूळ खर्ची पडतात. वळण आखूड असेल तर गाडीला वेग कमी करावा लागतो. तेच वळण पसरट, दोन टप्प्यांत घेतले तर निभावते. पुलांना वेगाची मर्यादा असते, बोगद्यांना नसते. फलाट गाडीपेक्षा आखूड असेल तर चढउतार रेंगाळते आणि मागची गाडी बाहेर ताटकळते. थोडक्यात, वेगवान गाडी उत्तम धावावी यासाठी करायच्या कामांत गाडीला हात लावण्याचे काम फारच थोडे. काम असते ते सांध्यांचे, वळणांचे, सिग्नलांचे, आणि संथ गाड्यांना स्वतंत्र मार्ग काढून देण्याचे.

वेग हा गाडीचा गुण नसून जाळ्याचा गुण आहे, हा त्याचा अर्थ. एखाद्या शब्दाला अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांमुळे येतो, असे आपण वर्गात सांगतो. गाडीचेही तसेच आहे.

हे कळल्यावर ठाण्याच्या पुलावरून खाली पाहण्याची दृष्टीच बदलते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी याच ठाण्यात आली. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, ओढायला तीन इंजिने. त्या दिवशी तिच्या पुढे दुसरी गाडी नव्हती. पुढच्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा तिच्या पुढेमागे इतर गाड्या येत गेल्याचा इतिहास आहे. 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले. खाडीकाठाने वळत जाणाऱ्या मार्गाला फाटा देण्यासाठी डोंगर पोखरून केलेला पारसिकचा बोगदा 1916 मध्ये खुला झाला. ठाणे आणि दिवा यांच्यामधला पाचवा-सहावा मार्ग सुरू व्हायला फेब्रुवारी 2022 उजाडले. तोवर या टप्प्यात लांब पल्ल्याच्या गाड्या आणि जलद लोकल एकमेकींच्या वाटेत येत. भाच्याच्या भाषेत, शंभर वर्षे आपण 'इंजिनाच्या पुढे काय आहे' एवढेच सोडवत आलो आहोत.

खेळातली आणखी एक बाब मला फार बोलकी वाटते. स्थानकावरचे प्रवासी आपल्या सेवेला जी पसंती देतात, ती ठरवताना नुकत्याच येऊन गेलेल्या गाडीचा वेग मोजला जातो. पण हा वेग ती प्रत्यक्षात किती धावली याचा नसतो, ती जास्तीत जास्त किती धावू शकते याचा असतो. लौकिक शक्यतेवर ठरतो. मुंबई-सोलापूर 'वंदे भारत' 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झाली. गाडी ताशी 160 किलोमीटर धावण्याच्या क्षमतेची. मुंबई ते सोलापूर हे सुमारे 455 किलोमीटरचे अंतर तिला कापायला साडेसहा तास लागतात, म्हणजे सरासरी सत्तरच्या आसपास. यात गाडीचा दोष काहीच नाही. वाटेत उपनगरी गर्दी आहे, आणि 37 ला 1 चढाचा बोरघाट आहे. खेळात गाड्यांसाठी चढ मुळात तीन टक्के धरलेला असतो. बोरघाटाचा चढ जवळपास तेवढाच. चढ खेळातला असो वा खरा, तो लौकिकाला बधत नाही.

मुंबई-अहमदाबाद द्रुतगती मार्गाकडे या दृष्टीने पाहिले तर तो खेळातल्या मुरलेल्या खेळाडूच्या सल्ल्यासारखा वाटतो: वेगवान गाडीला सर्वस्वी वेगळा रूळ द्या. 508 किलोमीटर, 12 स्थानके, ताशी 320 चा वेग. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. जपानने 1964 मध्ये शिंकान्सेनसाठी हेच केले होते. आखणीचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. पण या मार्गाचे ठाणे स्थानक आपल्या ठाण्यात नाही. ते दिव्याजवळ म्हातार्डीला आहे. खोपटच्या एस. टी. आगारापाशी राहणाऱ्याचा प्रवास त्या फलाटावर सुरू होणार नाही, घराच्या दारात सुरू होईल. तिथपर्यंत नेणारी बस कोणत्या वाहनाच्या मागे अडकली आहे, यावर त्याचा वेग ठरेल.

इथवर खेळ आपल्याला नीट शिकवतो. पुढे मात्र त्याची मर्यादा लागते, आणि तीही शिकण्यासारखी आहे. मूळ खेळातल्या प्रवाशाला गंतव्यच नसते. तो डोंबिवलीला चढला आणि कुठेही उतरवला तरी दोन स्थानकांमधले अंतर आणि प्रवासाचे दिवस मोजून पैसे मिळतात. पुढच्या आवृत्त्यांत त्याला गंतव्य देण्याची सोय झाली. पण देह तेव्हाही मिळाला नाही. डब्याची क्षमता 40 असेल तर एक्केचाळिसावा माणूस फलाटावर एका आकड्यात निमूट उभा राहतो. तो दारात लटकत नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यांतले काही दगावले. वळणावर गाडीचा वेग किती कमी होतो हे खेळ अचूक सांगतो. त्या वळणावर दारातल्या माणसाचे काय होते, हे सांगण्याची जागाच त्याच्या गणितात नाही.

आपले, म्हणजे साहित्याच्या लोकांचे काम मला इथे दिसते. वेगाचे कौतुक करणारी आणि वेगाला शाप देणारी कविता मराठीत भरपूर आहे. दोहोंतही वेग हा एकट्या गाडीचा असतो. तिला वाट देण्यासाठी सिग्नलला थांबवून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीतला माणूस आपल्या लेखनात फारसा येत नाही. हिरवा दिवा कुणालातरी मिळतो तेव्हा कुठेतरी लाल लागलेला असतो, हा खेळाचा पहिला नियम. तो आपल्याला कथेचाही नियम करता येईल.

माझ्या सकाळच्या पहिल्या तासाला लांबून येणारी काही मुले दार ढकलून आत येतात तेव्हा हजेरी संपलेली असते. कारण विचारले तर ती दोनच शब्द सांगतात: "गाडी थांबवलेली." कुणी थांबवली, कुणासाठी थांबवली, हे त्या वाक्यात नसते. कर्मणी प्रयोगातला कर्ता असा लोपतो, हे व्याकरणाच्या तासाला मी फळ्यावर लिहून दाखवते. उदाहरण मुलांनी दिलेलेच घेते.