चरा

आजोबांचा चावीचा ग्रामोफोन काल चिखलीहून दुरुस्त होऊन आला. स्प्रिंग तुटली होती. मिस्त्रींनी काहीतरी जुगाड करून चालता केलाय. किती दिवस टिकेल, ते काही सांगेनात.

पहिली तबकडी लावली ती 'शीळ'ची. कविता ना. घ. देशपांड्यांची, म्हणजे आमच्या मेहकरात वकिली करणाऱ्या कवीची. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशींच्या आवाजात तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मराठी भावगीताची सुरुवात तिथून झाली असं बरेच जण मानतात. नाट्यपदांच्या तानांना सरावलेल्या कानांना हे तीनेक मिनिटांचं साधं गाणं कसं लागलं असेल? मला तर त्यात पैनगंगेकाठची संध्याकाळच ऐकू येते. कवीच्या मनात ती होती की नव्हती, कोण जाणे.

तबकडीवर एक चरा आहे. सुई तिथं अडखळते, एकच शब्द दोनतीनदा येतो. लहानपणी वाटायचं, गाणंच तसं आहे. पुढे रेडिओवर ते सलग ऐकलं, तर काहीतरी हरवल्यासारखं झालं.

काल सुई अडकली. मी बोट लावलं नाही.

हा चरा कुणी पाडला, ते आजीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की नुसती हसायची.