शंभर रुपयांची शाळा

भिलाईत वाढलेल्या आमच्या पिढीला रशिया कधी परका वाटलाच नाही. पोलादाचा प्लांट उभारायच्या 1955 च्या करारानंतर सोव्हिएत इंजिनिअर इथे आले, 1959 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, पुढे या दोस्तीच्या नावानं मैत्रीबाग उभी राहिली. मॉस्कोत छापलेली पुस्तकं अगदी स्वस्तात मिळत. गॉर्कीची 'आई' ओळखीच्या बऱ्याच घरांत होती. किती जणांनी वाचली, ते विचारू नका. आमच्या मार्क्सवादी अभ्यासवर्गात वरकड मूल्य सुरू झालं की आम्हाला डुलक्या लागत आणि चहा आला की क्रांती पुन्हा जागी होई.

खरी शाळा भरली ती इथून दूर, प्लांटला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत. शंकर गुहा नियोगी हा तिचा मास्तर. भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होता, चळवळीपायी नोकरी गेली, मग खेड्यापाड्यांत शेळ्या विकत माणसं जोडत फिरला. 1977 साली खाणीतल्या कंत्राटी मजुरांनी त्याला पुढारी केलं. त्यांच्या मागण्यांत एक होती, पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला शंभर रुपये. त्या लढ्यात जूनमध्ये गोळीबार झाला आणि 11 जणांचा जीव गेला.

पण शंभर रुपयांवर शाळा थांबली नाही. खाणीत यंत्रं येणार म्हटल्यावर अंगठेबहाद्दर मजूरही खर्चाचा हिशेब मांडू लागले आणि माणसांचं काम राखून यंत्र कुठवर आणावं, याचा पर्यायी आराखडाच युनियननं व्यवस्थापनापुढे ठेवला. बायकांनी पुढाकार घेऊन दारूविरुद्ध मोहीम चालवली. मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून 1983 साली शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. युनियन आठ तासांची नसते, चोवीस तासांची असते, हा नियोगींचा धडा युनियनच्या लाल-हिरव्या झेंड्याखालची पोरं असा गिरवत होती.

28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतल्या घरात, झोपेतच नियोगींचा गोळी झाडून खून झाला. तीन महिन्यांत सोव्हिएत संघही उरला नाही. 1 जुलै 1992 ला भिलाईत रेल्वेरुळांवर बसलेल्या नियोगींच्या संघटनेच्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. 16 कामगार गेले.

आज भिलाईच्या पोराला मार्क्स हवा असेल तर तो फोनवर फुकट आहे. आता गावात आयआयटी आहे, त्याआधीपासून कोचिंग क्लास आहेत. पूर्वी प्लांटमध्ये चिकटलं की जन्माची ददात मिटे; आता कायम नोकऱ्या आटल्या आणि त्याच गेटातून ठेकेदाराची माणसं आत जातात. तरुण कॉम्रेड मात्र पॅलेस्टाईनवर तासभर बोलतो आणि शेजारच्या कंत्राटी कामगाराचा पीएफ भरला जातो का, हे त्याला ठाऊक नसतं. 29 कामगार कायदे चार संहितांत गुंडाळले गेले. त्यावर किती अभ्यासवर्ग झाले?

आमचे जुने वर्ग सगळेच थोर नव्हते, त्यातले निम्मे कंटाळवाणेच होते. तेव्हा पोरांनो, आमची नक्कल करू नका. पुढच्या वर्गाला एका कंत्राटी कामगाराची पगाराची चिठ्ठी घेऊन बसा आणि तिच्यातला एकेक आकडा त्यालाच समजावून सांगायला लावा. मार्क्स आपोआप येईल.