खजाना विहिरीचे साल

१/ आजचा धागा एका सालाविषयी आहे. 'बीडची खजाना विहीर कोणत्या साली बांधली गेली?' या प्रश्नाचे उत्तर देऊन मी सहावीत असताना सामान्यज्ञान स्पर्धेत पहिला आलो होतो. ते उत्तर चूक होते, असे आता मला वाटते. आणि त्या दिवशी ज्याचे उत्तर चूक ठरले, तो माझा मित्र बरोबर होता.

२/ आमचे गाव नेकनूर. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघून मांजरसुंब्याला वळले की आमच्याकडे येता येते. बीडपासून काही किलोमीटरवर, याच बाजूला, खजाना विहीर आहे. तिचे पाणी भुयारातून, मोट किंवा इंजिन न लावता, केवळ उताराने शिवारापर्यंत जाते. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधून घेतली. सारा खजिना तिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात.

३/ आमच्या हाती जी प्रश्नसंचाची पुस्तिका होती, तिच्यात साल होते १५७२. माझी आजी सदैव बहात्तरच्या दुष्काळाविषयी बोलत असे. त्यातून चारशे वजा केले की विहिरीचे साल मिळते, अशी माझी युक्ती होती. १५७२ मला असे पाठ झाले. का, कशावरून, हे प्रश्न मनाला शिवलेही नाहीत.

४/ स्पर्धेत प्रश्न आधी माझ्या मित्राकडे गेला. तो म्हणाला, "हिजरी नऊशे एक्क्याण्णव." त्याच्या आजोबांनी त्याला तसे सांगितले होते. परीक्षकांनी पुस्तिकेत पाहिले आणि मान हलवली. सभागृहात थोडे हसूही झाले. मग प्रश्न माझ्याकडे आला. मी १५७२ म्हणालो आणि टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून मिळालेला शब्दकोश आजही माझ्या टेबलावर आहे.

५/ पुढे पदव्युत्तर वर्गात कालगणनेचा अभ्यास करताना एका संध्याकाळी ते 'नऊशे एक्क्याण्णव' अचानक आठवले. बीडच्या इतिहासाविषयीच्या लेखनात हेच हिजरी वर्ष दिलेले आढळते. गंमत अशी, की अनेक ठिकाणी त्याच्याच शेजारी कंसात १५७२ छापलेले असते. मी कागद घेऊन बसलो.

६/ हिजरी वर्ष निव्वळ चांद्र असते. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ दिवस कमी. आपल्या पंचांगात हा फरक अधिक मासाने भरून निघतो. हिजरी गणनेत तो भरला जात नाही. म्हणून आम्ही सहावीत असताना, २०१२ साली, रमजान ऐन श्रावणात आला होता. आता तो शिशिर-वसंताच्या सीमेवर येतो. मित्राच्या घरच्या शिरखुर्म्यामुळे हे सरकणारे महिने मला ठाऊक होते. त्यामागचे गणित मात्र ठाऊक नव्हते.

७/ आता हिशेब पाहा. हिजरी गणना इसवी सन ६२२ च्या जुलैपासून धरतात. ९९१ मध्ये सरळ ६२२ मिळवले तर १६१३ येते. ते चूक, कारण वर्षांची लांबी सारखी नाही. ९९० पूर्ण वर्षांना ३५४.३७ दिवसांनी गुणावे आणि ३६५.२४ ने भागावे. सुमारे ९६०.५ सौर वर्षे येतात. ती जुलै ६२२ मध्ये मिळवली की आपण १५८३ च्या जानेवारीत पोहोचतो. हिजरी ९९१ म्हणजे जवळजवळ संपूर्ण १५८३. १५७२ मध्ये तर हिजरी ९७९-९८० चालू होते.

८/ राजकीय इतिहासही त्याच बाजूला झुकतो. १५७२ च्या सुमारास निजामशाहीची सूत्रे चंगीझखानाकडे होती. सलाबतखानाचा खरा उत्कर्ष त्यानंतरचा, साधारण १५७९ पासूनचा. हा पुरावा एकट्याने निर्णायक नाही, हे मान्य. पण दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तेव्हा थांबून विचार करावा लागतो.

९/ याच सलाबतखानावर विस्मृतीने आणखी एक अन्याय केला आहे. नगरजवळच्या डोंगरावरील अष्टकोनी वास्तू सर्वजण 'चांदबिबीचा महाल' म्हणून पाहतात. ती वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे. शाळेच्या सहलीत आम्हीही तिथे चांदबिबीच्याच गोष्टी ऐकल्या होत्या.

१०/ असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. १५८३ हेच साल विज्ञानाच्या प्रश्नमंजूषेत गॅलिलिओच्या नावाने येते: पिसाच्या कॅथेड्रलमध्ये झुलणारा दिवा पाहून त्याला लंबकाचा गुण उमगला, अशी कथा. तेथे 'गॅलिलिओचा दिवा' म्हणून ओळखला जाणारा मोठा दिवा मात्र १५८७ चा आहे. त्याने दुसरा एखादा दिवा पाहिला असेलही. पण दाखवला जातो तो त्याने १५८३ मध्ये पाहिलेला असणे शक्य नाही.

११/ संगीतातील गोष्ट याहून जुनी. पायथागोरसने लोहाराच्या हातोड्यांचे आवाज ऐकले आणि तारेला दुप्पट वजन टांगले की स्वर एका सप्तकाने चढतो असा नियम शोधला, असे हजार वर्षांहून अधिक काळ ग्रंथांतून लिहिले गेले. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो हे वादक होते. त्यांनी खरोखरच वजने टांगून पाहिली. वरचा षड्ज येण्यासाठी वजन दुप्पट नव्हे, चौपट लागते.

१२/ नेकनूर हे बंकटस्वामी महाराजांच्या परंपरेचे गाव. कीर्तनापूर्वी वीणेकरी खुंटी पिळून स्वर जुळवतात, ते ऐकत मी लहानाचा मोठा झालो. तरी ताण आणि स्वर यांचे नाते कधी तपासले नव्हते. वसतिगृहाच्या खोलीत तंबोऱ्याची पोलादी तार बांधून तिला पाण्याच्या बाटल्या लटकवल्या. दोन लिटरला भलताच बेसूर स्वर आला. चार लिटरला वरचा सा लख्ख बोलला. हजार वर्षांत हे कुणालाही करता आले असते.

१३/ तेव्हा मला माझी सहावीतील चूक नीट कळली. चुकीचे साल सांगणे हा तिचा लहानसा भाग. मोठा भाग हा, की मित्राने मूळ नोंदीच्या जवळचे उत्तर दिले होते आणि ते पुस्तिकेच्या भाषेत नव्हते म्हणून आम्ही सर्वांनी हसून सोडून दिले. एका घरात एक कालगणना पिढ्यान्‌पिढ्या जिवंत होती. आम्ही तिला अज्ञान समजलो.

१४/ मागच्या सुट्टीत गावातल्या अभ्यासिकेत मित्राला भेटलो. तो भरतीच्या परीक्षांची तयारी करतो. कागदावरचे सारे गणित त्याच्यापुढे मांडले. त्याने दोनदा तपासले आणि विचारले, "मग परीक्षेत हा प्रश्न आला तर काय लिहू?" पर्यायांत १५८३ नसेल तर एका गुणाची किंमत काय असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. माझ्याकडे उत्तर नव्हते.

१५/ जरा वेळाने तो म्हणाला, "आजोबांना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी घरी येऊन त्यांच्यावरच चिडलो होतो." त्याचे आजोबा आता हयात नाहीत. हा धागा त्यासाठीच लिहिला.

१६/ मित्रहो, सामान्यज्ञान अवश्य पाठ करा; मीही करतो. पण आपल्या गावातील एखाद्या विहिरीचे, वेशीचे किंवा दर्ग्याचे साल घ्या. ते कोणत्या गणनेत नोंदले गेले आणि आजच्या सनात कुणी आणले, ते पाहा आणि एकदा स्वतः मोजा. शक्य असेल तर मोजण्यापूर्वी घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि त्यांचे उत्तर पुस्तिकेशी जुळले नाही, तर हसू नका.